साईटवरचे मानकरी

वडीगोद्रीच्या मोसंबी बागायतदार गटाची वेबसाईट अर्पितानं एकटीनं उभी केली, तोवर ती चांगली चालत होती. मग तिनं ती गटाला दाखवली.

गटात सात जण. कुणी तिचे काका, कुणी मामा. काहीच न लागणाऱ्याला ती दाजी म्हणायची. साईट बनवायचं वर्डप्रेस फुकटचं आणि खुलं, वर कुणाला किती अधिकार द्यायचा तेही आपणच ठरवायचं. तिनं गटाचे अध्यक्ष म्हणून अप्पारावमामांना ॲडमिन केलं, म्हणजे सगळे अधिकार; बाकीच्यांना एडिटर, फक्त मजकूर बदलण्यापुरते.

"म्हंजे मी अप्पारावच्या खाली?" तातेरावकाका म्हणाले. "अगं, लग्नात फेटा पहिले मला बांधतेत!"

दिवस मावळायच्या आत सात ॲडमिन झाले.

सोमवारी चारला हैदराबादचा व्यापारी साईट बघणार होता. त्याला पटलं तर त्याची गाडी थेट बागेत येणार. अर्पिताच्या शब्दावर गटानं नेहमीच्या व्यापाऱ्याला नकार कळवला होता आणि फळ तर झाडावर पिकून तयार होतं.

सोमवारी एकला तिनं साईट उघडली. अप्पारावमामांनी वर स्वतःचा गॉगलवाला फोटो लावला होता. तातेरावकाकांनी त्याच्यावर आपला, दुप्पट मोठा. साहेबरावदाजींनी सगळ्यांची नावं मावावीत म्हणून लग्नाची थीम बसवली होती. दोन हंसांच्या मधोमध 'चि. सौ. कां. मोसंबी', खाली चौतीस स्वागतोत्सुक, आणि शुभमुहूर्ताला उरलेले तास उलटे मोजणारं घड्याळ.

"दाजी, नवरदेव कोण?"

"तो हैदराबादवाला. बराबर ना?"

तिनं जुनी थीम परत लावली. दोन मिनिटांत हंस परत आले. पुन्हा काढले, तर गॉगल आला.

सगळ्यांना ॲडमिनवरून खाली उतरवणं एका क्लिकचं काम होतं. पण मग सात घरांत तिला चहा मिळाला नसता. तिनं कुण्या परोपकारी माणसानं फुकट वाटलेलं एक प्लगिन साईटला जोडलं आणि नवीन पद तयार केलं: मानकरी. यादीत सगळ्यात वर, नावापुढं भगवा फेटा. अधिकार एकच, आपलं नाव बघायचा.

मग तिनं गटावर मेसेज टाकला, 'ॲडमिनच्या वरचं पद आलंय. एकाला एकच पद मिळेल.'

पहिला फोन तातेरावकाकांचा. "माझं ॲडमिन काढ. जल्दी!"

साडेतीनला सात मानकरी झाले होते आणि साईटवर फक्त मोसंबी उरली होती. सव्वाचारला हैदराबादहून फोन आला. "माल अच्छा दिखरा. परसो गाडी भेजतूं."

संध्याकाळी अप्पारावमामांच्या ओट्यावर पेढ्यांचा पुडा फुटला. मामा मोबाईलवर स्वतःचा फेटा बघत होते. यादीत तळाशी गेल्यावर ते थबकले.

"अर्पे, तुझ्या नावापुढं ॲडमिनच दिसून राह्यलं की!"

"हो मामा. मी एकटीच उरले."

ओट्यावर हळहळ पसरली.

"आरारा," तातेरावकाका म्हणाले, "एवढं राबली पोरगी, अन् तिला कायबी भेटलं न्हाई!"