पायी उतारूंची फळी

मी एक फळी बोलतेय. आलापल्लीच्या जंगलातल्या सागाची, दोन वीत रुंद, पाय घसरू नये म्हणून अंगावर आडव्या पट्ट्या ठोकलेली. वैनगंगेच्या घाटावर दोन डोंगे जोडून केलेली मोठी नाव होती. तिच्यावरून मोटारी नदी ओलांडत. मोटारीसाठी दोन जाडजूड फळ्या वेगळ्या. मी पायी उतारूंची.

नावाडी नथ्थूचा नेम ठरलेला. घाटावर मोटार थांबली की सगळे खाली उतरायचे. मोटार आधी नावेवर चढायची, माणसं मागून माझ्यावरून. पलीकडे मात्र माणसं आधी उतरायची. "मोटारीले धीर नाई अन् पोहताही येत नाई," तो म्हणायचा.

किती तळवे माझ्यावरून गेले! चिखलाचे, मेंदीचे, जंगल तुडवून भेगाळलेले. बांगड्या विकणारी अख्तरी टोपली घेऊन अशी जाई, की अंगावरून वारा गेल्यासारखं वाटे.

छप्पन सालच्या पौषातली ती सकाळ. धुकं एवढं, की नाव पाण्यावर नव्हे, झोपेतच तरंगत होती. चांद्याच्या दवाखान्यात निघालेली रंभा त्या मोटारीत होती. पहिलटकरीण, वाटेतच कळा सुरू झालेल्या. पैलतीर लागला. अख्तरी पुढं होऊन वाळूवर उभी राहिली, मागून रंभा माझ्यावर आली. मध्यावर येते तोच कण्हली.

ते कण्हणं ऐकून कय्यूम ड्रायव्हर घाबरला. बाईला लवकर पोचवावं म्हणून त्यानं मोटार सुरू केली. मोटारीनं हिसका दिला, नाव मागं सरकली आणि माझं वरचं टोक नावेच्या काठावरून सुटलं.

नथ्थूनं उडी टाकली. कमरेएवढ्या गार पाण्यात उभं राहून त्यानं मला खांद्यावर झेललं.

"कय्यूमभाऊ, बंद करा गाडी! बाई, खाली नोको पाहू."

"मले नाई जमत, भाऊ."

"जमते. तू थांब वाटल तेवढी. मी हालत नाई."

अख्तरीनं हात पुढं केला. "इकडे पाह्य, बेटा. माझ्याकडे."

रंभानं ती अख्खी कळ माझ्यावरच उभी राहून सोसली. धुक्यात नदीसुद्धा थांबल्यासारखी वाटली. दोन जिवांचं ओझं मी तेव्हा पहिल्यांदा ओळखलं. मग ती सावकाश चालत गेली.

"आमी मागून येतो, तिले न्या!" सगळे उतारू म्हणाले. रिकाम्या मोटारीत फक्त रंभा आणि अख्तरी बसल्या.

संध्याकाळी परतताना कय्यूम दुरूनच ओरडला, "नथ्थूभाऊ, पोरगी झाली! दोघी बऱ्या हायेत." नथ्थूचा खांदा सुजून टम्म झाला होता, तरी तो हसला. त्या दिवसापासून शेवटचा माणूस वाळूवर जाईतो कय्यूम स्वतः खाली उतरून माझं टोक धरून उभा राही.

आता माझ्या अंगाला चीर गेली आहे. नवी फळी आली. दोन दगडांवर टाकून नथ्थूनं मला घाटावरच ठेवलं. परवा कुणी चुलीसाठी न्यायला आलं, तर म्हणाला, "राहू द्या तिले. थकली हाय."

या, टेका जरा. नाव अजून पलीकडेच आहे.