पहिला डाव हरायचा

"काळ्या माझ्या का पांढऱ्या?" प्रभावतीनं विचारलं, आणि हॉटेलामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलेले सगळे हसले.

हसावं म्हणूनच ते विचारणं होतं. कुंभार पिंपळगावचा बाजार. कॅरमबोर्डाभोवती पंधरा-वीस बाप्ये, आणि स्टुलावर डोक्यावरून पदर घेतलेली तिशीतली बाई. स्ट्रायकर तिनं असा धरलेला, की जणू गरम निखारा उचललाय. मागं तिचा थोरला भाऊ रामकिसन उभा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत.

"माझी बहीण हाय. परतूरच्या दवाखान्यात फरशी पुसती. नवऱ्यानं टाकल्यापासून डोस्क्यावर परिणाम झालाय. म्हणती, मला कॅरम येतो. खेळा की कुणीतरी, तेवढंच समाधान तिला."

यातला शब्द न् शब्द पाठ केलेला होता. डोस्क्याचं तेवढं खोटं; नवऱ्यानं टाकलं होतं ते खरं. लोक त्यालाच जास्त हसत, म्हणून रामकिसननं ते ठेवलं होतं.

खताच्या दुकानदारानं हौसेनं स्टूल पुढं ओढलं. प्रभावती पहिला डाव हरली. हरणं जिंकण्यापेक्षा अवघड असतं हे त्या शेडमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. चार सोंगट्या घालायच्या, म्हणजे समोरच्याला वाटतं, चुकून जमतंय हिला. बाकीच्या भोकाच्या कडेला नेऊन ठेवायच्या. कडेला नेऊन थांबवायच्या! हे जमणारा दुसरा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नव्हता.

"उठ परभे," रामकिसन ओरडला. "किती लाज आणशील?"

ही खूण होती. पैज लागली, मोठी लागली, आता खेळ. ती उठली नाही. दुसऱ्या डावात दुकानदाराला दोन सोंगट्या मिळाल्या. हसणं कुठं गेलं कुणास ठाऊक. लोकांना काही उमगायच्या आत रामकिसनची राजदूत मोटारसायकल सुरू झालेली असायची.

"बाईकडून हरलेला माणूस कुठं सांगत न्हाई बघ," रस्त्यात रामकिसन म्हणायचा. "पोलिसात न्हाई, बायकोला न्हाई. बिलकुल सेफ धंदा."

.

सहा वर्षं.

आष्टी. "वहिनी, भाकऱ्या कोण थापून राह्यलं घरी?" हरला.

अंबड. "बांगड्या सांभाळा, बोर्डाला चरे पडतील." हरला.

घनसावंगी. "हिला हरवून मी काय मिशा वाढवू?" हरला. रामकिसनच्या अंगावर धावून गेल्ता.

आणि प्रत्येक गावात, त्याआधी, पहिला डाव: प्रभावती हरली. हे कुठं लिहिलेलं नाही. पण हाताच्या लक्षात राहतं.

.

कॅरम तिला नजीरमामूनं शिकवला होता. नजीर कंपाउंडर. दवाखान्याच्या मागच्या खोलीत कुणीतरी दान दिलेला बोर्ड पडून होता, औषधाच्या खोक्यांखाली. नुकतीच टाकून दिलेली, कुणाशी न बोलणारी ही पोर दुपारी एकटी बसते हे बघून त्यानं खोकी बाजूला केली होती. पुढं ती त्याला रोज हरवायला लागली, तेव्हा त्यानं स्वतःचा स्ट्रायकर तिला देऊन टाकला. जुना, जड, पिवळट पडलेला.

बाजारात तो न्यायचा नाही, असा रामकिसनचा हुकूम होता. स्वतःचा स्ट्रायकर बाळगणारी बाई म्हणजे खेळाडू. खेळाडूवर पैज कोण लावील?

एका पावसाळ्यात नजीरमामू कागद घेऊन आला. जुन्या जालन्यातल्या एका मंडळानं जिल्ह्याचे सामने ठेवले होते. बायकांचा गट पहिल्यांदाच होता. पहिली येईल ती राज्याच्या निवडीला जाणार.

"बेटी, अब बस हो गया छुप-छुपके," तो म्हणाला. "नाव टाक."

नाव: प्रभावती रामराव
वय: ३१
पत्ता: ग्रामीण दवाखाना, परतूर (घरचा पत्ता तिनं सांगितला नाही)
धंदा: आया, रोजंदारीवर
या आधी कुठं खेळल्या:

इथं नजीरमामूचं पेन थांबलं.

"काय लिहू?"

"लिहा, कुठंच न्हाई," ती म्हणाली.

.

पहाटे उठून, डबा बांधून, ती नजीरमामूबरोबर रेल्वेनं जालन्याला गेली. पेटीत एकच नवी साडी होती, ती नेसली. शाळेच्या हॉलमध्ये आठ बोर्ड मांडले होते. भिंतीवर नावांचा तक्ता होता. त्यात तिचं नाव होतं, आणि त्यावर निळ्या शाईची आडवी रेघ.

"तुमचे बंधू आल्ते काल," मंडळाचे सेक्रेटरी तिच्याकडं न बघता म्हणाले. "म्हणाले, घरची परवानगी न्हाई. आमच्या घरच्या बाया चारचौघांत असं खेळत न्हाईत, म्हणाले."

"कोण म्हणलं?"

"तुमचे बंधू."

"चारचौघांत?"

"हे बघा बाई, आम्हाला भानगड नको. घरातून लिहून आणा, पुढल्या साली खेळा."

नजीरमामू बराच वेळ हुज्जत घालत राहिला. मराठीत, उर्दूत, शेवटी हात जोडून. प्रभावतीनं त्याला बाजूला घेतलं आणि बाकावर बसवलं. मग तीही बसली आणि सामने बघितले. सगळे बघितले. जी पहिली आली तिचा हात चांगला होता, पण डाव्या भोकावर घाबरत होता. तिला हार घातला. पेपरवाल्यानं फोटो काढला. प्रभावतीनं टाळ्या वाजवल्या. तळहात लाल होईपर्यंत वाजवल्या. शेजारची बाई सरकून बसली.

.

"खोटं कशाला बोलू? दवाखान्यात कळलं, तवा मीच गेल्तो," रामकिसन म्हणाला. तो जेवत होता. "पेपरात फोटू आला की बाजारात कोण बसंल तुझ्यासमोर? इतका इचार केला का तू?"

"वीस गावच्या बाप्यांसमोर बसवलं मला तू. येडी म्हणून. टाकलेली म्हणून. तवा घरची इज्जत कुठं गेल्ती?"

"तिथं आपलं नाव कोणाला ठाऊक असतंय!"

"तेच तर," प्रभावती म्हणाली. "तेच तर म्हणून राह्यले मी."

आई, गोजरबाई, चुलीपाशी होती. तिनं लेकाच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "परभे, भाऊ हाय म्हणून डोक्यावर छप्पर हाय. बाईला नाव घेऊन काय करायचंय?"

प्रभावतीनं समोरचा तांब्या उचलला. क्षणभर वाटलं, फेकेल. तिनं तो भावाच्या ताटाशेजारी ठेवला, पाण्यानं काठोकाठ भरलेला, एक थेंब न सांडता. असा हात होता तो. रामकिसनला त्यातला राग दिसला नाही. त्याला फक्त पाणी दिसलं.

"रविवारी मंठ्याचा बाजार करू," घोट घेऊन तो म्हणाला.

.

मंठ्यात बोर्ड एका शिंप्याच्या दुकानापुढं होता. शिंपी म्हणजे तातेराव, साठीचा माणूस, गळ्यात मापाची टेप. गर्दी जमली. रामकिसननं सुरू केलं: माझी बहीण हाय, फरशी पुसती, डोस्क्यावर परिणाम...

तातेराव हसला नाही. "बसा ताई," एवढंच म्हणाला.

आता तिनं विचारायचं होतं, काळ्या माझ्या का पांढऱ्या. रामकिसन वाट बघत होता.

"ब्रेक मी करते," प्रभावती म्हणाली. "पांढऱ्या माझ्या."

कमरेच्या पिशवीतून तिनं पिवळट स्ट्रायकर काढला.

रामकिसनचं तोंड उघडंच राहिलं. पैज अजून लागली नव्हती. पैज पहिल्या डावानंतर लागायची.

तिनं ब्रेक केला. दोन गेल्या. मग तिसरी, चौथी. आवाज तेवढा येत होता, टक आणि जाळीत पडल्याचा. ती कुणाकडं बघत नव्हती. आष्टी, पाचवी. अंबड, सहावी. निळ्या शाईची रेघ, सातवी. लाल राणी डाव्या भोकात, ज्या भोकावर ती हार घातलेली बाई घाबरत होती. लगेच आठवी, राणीवरचं कव्हर. मग नववी. तातेरावच्या नऊच्या नऊ काळ्या बोर्डावर तशाच. त्यानं अजून बोटही लावलं नव्हतं.

"उठ परभे," रामकिसन म्हणाला. आवाज फाटला होता.

प्रभावती उठली. गर्दीकडं तोंड केलं.

"माझं नाव प्रभावती. परतूरच्या दवाखान्यात असते. डोस्कं बराबर हाय माझं. हा माझा भाऊ रामकिसन. हा पहिला डाव मला हरायला लावतो आन् दुसऱ्या डावाला तुमच्याकडून पैसे घेतो. गावोगाव सांगा. नाव नीट सांगा."

रामकिसननं हात उचलला. पण समोर तीस माणसं होती, आणि त्यातला एकही आता हसत नव्हता. "घरी पाऊल टाकू नको," तो म्हणाला. राजदूतला चार किका माराव्या लागल्या. कुणीतरी मागून शिटी वाजवली.

ती तशीच उभी राहिली. दवाखान्यात रात्रपाळीला आया लागतेच, खाट मिळेल, एवढं तिच्या मनात आलं. पुढचं आलं नाही.

तातेरावनं जाळ्यांतून सोंगट्या काढल्या, गोल मांडल्या, मधोमध राणी ठेवली.

"आता ब्रेक माझा, ताई."

ती बसली. म्हातारा चांगला खेळत होता, सावकाश, कापड बेतावं तसा. डाव रेंगाळत शेवटाला आला. त्याची एक उरली, तिची एक. तिची उजव्या भोकासमोर, सरळ. लहान पोरानंही घातली असती. तिनं नेम धरला, मारली. सोंगटी सरळ सरकली, भोकाच्या काठाला टेकली आणि थांबली.

तातेरावनं तिच्याकडं बघितलं.

"मुद्दाम सोडली का?"

प्रभावती त्या सोंगटीकडं बघत राहिली. सहा वर्षांत अशा कितीतरी सोंगट्या तिनं त्या काठावर आणून ठेवल्या होत्या.

"न्हाई," ती म्हणाली. "हुकली."

"मंग माझी जीत खरी धरू?"

"खरी धरा."

त्यानं आपली शेवटची सोंगटी घातली. प्रभावतीनं पावडरची डबी घेतली, बोर्डावर चिमूटभर टाकली आणि तळहातानं सगळीकडं सारखी केली.