दणकट नावाची अक्षरं

धुकं इतकं दाट उतरलं होतं की रस्ता, दुकानं, माणसं सगळं कुणीतरी पुसून टाकल्यासारखं झालं होतं. उरल्या होत्या त्या फक्त पाट्या. ‘बेकरी’ हा शब्द हवेत तरंगत होता, त्याच्या पुढे ‘दातांचा दवाखाना’, आणि पलीकडे बऱ्याच उंचावर ‘शिवणक्लास’. खाली दार नाही, भिंत नाही, नुसती जाडजूड काळी अक्षरं.

त्या अक्षरांखालून बारकी वडिलांचा हात धरून चालली होती. पन्नाशी ओलांडली, केस पिकले, तरी घरीदारी सगळे तिला बारकीच म्हणत. आणि गंमत बघा, ही धष्टपुष्ट अक्षरं घडवली होती ती या बारकीनेच. फाँटचं नाव ‘दणकट’. उभी काठी चांगली रुंद, वळणाच्या जोडाशी रेघ एकदम नाजूक, आणि काठीच्या तळाला त्रिकोणी टाच. तिच्या धंद्यात त्या टाचेला सेरिफ म्हणतात. पाट्या, पोस्टरं, पुस्तकांची मुखपृष्ठं, एवढ्यासाठीच वापरा, असं तिने बजावून सांगितलं होतं. पण ऐकतो कोण? एका शहाण्याने खोकल्याच्या बाटलीवरची सगळी माहिती त्यात बारीक आकारात छापली. अक्षरांची पोटं बुजून नुसता चिखल झाला. ती बाटली हातात आली त्या दिवशी बारकी घरात कुणाशी धड बोलली नाही.

वडील पेंटर. एके काळी या गावातल्या सगळ्या पाट्या त्यांच्याच ब्रशच्या होत्या. त्या एकेक करून उतरू लागल्या तेव्हा बारकीने धावपळ करून त्यांचे फोटो काढले, आणि वळण न् वळण उचलून संगणकावर दणकट तयार केला. मोठ्या हौसेने वडिलांना दाखवायला गेली. त्यांनी नाक मुरडलं. “यंत्राला मनगट असतं का?” एवढं म्हणाले आणि चहाला निघून गेले. पुढे दणकटचं नाव झालं, लोकांनी तिला डोक्यावर घेतलं, पण ज्याने बोलायला हवं होतं तो माणूस गप्पच राहिला. आता तर त्यांना फारसं काही आठवेनासं झालं होतं. बारकीला ते कधी ओळखत, कधी आपली थोरली बहीण समजून ताई म्हणत. हाताशी वेळ थोडाच आहे, हे तिला कळत होतं. हे तुझं काम, छान झालंय, एवढंच तिला त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं.

“ताई, ती बेकरी बघ,” वडील म्हणाले. “मी रंगवलीय.”

“हो?”

“शिडीवर उभं राहून. खालून बेकरीवाला ओरडतोय, उतरा हो पेंटर, पाव गरम आहे तोवर खाऊन घ्या.”

बेकरीची ती पाटी गेल्याच वर्षी यंत्रातून छापून आली होती. बारकीने नुसती मान हलवली. मग दातांचा दवाखाना. “हीपण माझी.” मग शिवणक्लास. “हीसुद्धा.” छाती पुढे काढून ते पाटीमागून पाटी आपल्या नावावर करत चालले होते. बारकीला राग आला, आणि आजारी माणसाचा राग येतो म्हणून स्वतःचाही आला.

“बाबा, या पाट्यांची अक्षरं माझी आहेत,” शेवटी ती म्हणालीच. “मी काढलीत. मी, बारकी.”

वडिलांनी तिच्याकडे मोठ्या मायेने पाहिलं. “तू कशाला काढशील ताई? तुला तर शिडीची भीती.”

दोघं कोपऱ्यावरून वळले. तिथे गाद्यांचं नवं दुकान निघालं होतं. दुकान दिसतच नव्हतं. धुक्यात एकच शब्द पसरला होता, ‘झोप’, पलंगाएवढा.

वडील थबकले.

“ही माझी नाही.”

खरंच होतं ते. वडिलांचं आणि झचं कधी जमलंच नाही. डावीकडे दोन वळणं, खाली शेपटी, उजवीकडे काठी, हे सगळं जाड रेघेत कोंबलं की आत हवा राहत नाही. मग ते गिऱ्हाइकालाच पटवत. लाँड्रीवाल्याला ‘झटपट’ हवं होतं, त्याच्या गळ्यात त्यांनी ‘ताबडतोब’ मारलं होतं. अख्ख्या गावात त्यांचा एकही झ नव्हता, त्यामुळे गिरवायला काही सापडलं नाही, आणि दणकटमधलं तेवढं एक अक्षर बारकीने आपल्या मनाने काढलं होतं.

वडील बोट उचलून हवेत तो झ गिरवू लागले. पुन्हा पुन्हा, अगदी सावकाश.

“ही शेपटी बघ ताई. मी भीतीने आत ओढली असती. याने काठीखालून खुशाल बाहेर सोडलीय. तोल जाईल जाईल वाटतं, आणि जात नाही.”

“चांगला आहे?” तिने विचारलं.

“चांगला काय विचारतेस! असा हात पुन्हा बघायला मिळत नाही.” त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं. “एक काम कर. या माणसाला शोधून काढ. म्हणावं, आमच्या बारकीला जरा शिकव. पोरीचा हात माझ्याहून चांगला आहे गं, पण माझंच गिरवत बसते. दाखवायला आली होती एकदा. मी धड बोललो नाही. तिला वाटलं, मला आवडलं नाही.”

“मग आवडलं होतं?”

“माझंच मला किती बघायचं?” ते म्हणाले. “मला तिचं बघायचं होतं. सांगशील ना?”

जन्मात कधी तिने वडिलांना अरे-तुरे केलं नव्हतं.

“हो रे,” ती म्हणाली. “आजच सांगते तिला.”