सवलतीची आरामखुर्ची

ऑडिटरच्या परीक्षेत नीतिमत्तेच्या पेपरात ती दोनदा आपटली होती. आकडेमोडीत पहिली आणि प्रामाणिक कसं राहावं यात नापास! बाबांनी ही बातमी साऱ्या नात्यागोत्यात हसत हसत पोचवली होती, त्यामुळे या खेपेला ती हट्टालाच पेटली होती. नव्या आरामखुर्चीत पाय पसरून तिने ऑडिटरच्या स्वतंत्रपणाचं प्रकरण उघडलं.

ज्या कंपनीचे हिशेब तपासायचे, तिच्याकडून ऑडिटरने खास सवलत घ्यायची नाही. त्याच्या आईवडिलांनीसुद्धा नाही. तिने ओळ पुन्हा वाचली आणि विंचू चावल्यासारखी ताडकन उठली. तिला आयुष्यातलं पहिलं ऑडिट मिळालं होतं ते फर्निचरच्या कंपनीचं, आणि बाबांनी स्वस्तात आणलेली ही खुर्ची त्यांच्याच दुकानातली होती.

"बाबा, ही एवढी स्वस्त कशी मिळाली?"

"कशी म्हणजे? घासाघीस करून! मालकाला घाम फोडला." बाबा खुलले. "शेवटी म्हटलं, माझी मुलगी तुमच्याकडे ऑडिटला येणार आहे. गडी नरमला."

"अहो, माझ्या पायावर धोंडा पाडलात तुम्ही!"

"काहीतरीच काय! भाव मी पाडला. तुझा काय संबंध?"

तिने ती ओळ वाचून दाखवली. पण या माणसाला कसं पटवायचं? भाव पाडणं हा बाबांचा एकुलता एक अभिमान. चार पैसे वाचवून आले की आठवडाभर तीच कथा ऐकावी लागायची.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात तिच्या वरिष्ठ मॅडमना सगळं सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "ओळख न सांगता कुणालाही हाच भाव मिळतो, असं दाखव. नाहीतर खुर्ची परत, आणि त्या ऑडिटवर दुसरं कुणीतरी जाईल."

ती रडवेली होऊन घरी आली. किती वाट पाहिली होती त्या ऑडिटची! बाबा फिरायला गेले होते. आईने ऐकून घेतलं, हात पुसले आणि पर्स उचलली.

"कुठे निघालीस?"

"खुर्ची बघायला. मी कुणाची कोण, ते नाही सांगत त्याला."

आई परतली ती गालातल्या गालात हसत. त्याच खुर्चीचा भाव दुकानदाराकडून लिहून आणला होता, आणि तो बाबांच्या भावापेक्षा बराच कमी होता! म्हणजे सवलत कसली, बाबांना चक्क गंडवलं होतं.

"यांना सांगू नकोस हं," आई म्हणाली.

मॅडमनी स्वतः दुकानात फोन करून खात्री केली, पोट धरून हसल्या आणि ऑडिट तिच्याकडेच ठेवलं. संध्याकाळी बाबा पेपर वाचत बसले होते.

"काय, सुटलो का आम्ही?"

"सुटलात, बाबा. त्या भावात काही गैर नाही."

"मी म्हणत नव्हतो! पण पटवलंस कसं?"

खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं सांगवत नव्हतं. तिने पुस्तकाची पानं उगाच चाळली. "ते गोपनीय असतं, बाबा. त्याचं वेगळं प्रकरण आहे."

बाबांनी पेपर खाली केला. स्वयंपाकघरातून आईच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. त्यांनी तिकडे कान दिला.

"तुझी आई गेली होती ना?"

तिने पुस्तकात डोकं घातलं.

"लग्नापासून बघतोय मी," बाबा हळूच म्हणाले. "मला आकडा तेवढा सांगू नकोस."