आजोबांच्या डगल्याचं माप

अरे यार, तुम्ही लोक दसऱ्याला उज्जैनला निघून गेलात आणि इकडे आपल्या उमाजीचं काय काय होऊन गेलं, पूछो मत! पहिल्यापासून सांगतो. मध्ये कोणी बोलू नका, नाहीतर माझं काहीतरी राहून जाईल.

उमाजीचे वडील, आबासाहेब, चैत्रात घोड्यावरून पडले आणि मांडी मोडली, हे तर तुम्हाला माहीत आहे. हाड जुळलं, पण वैद्यांनी सांगून टाकलं की आता घोडा नाही. बाकी सगळं ठीक, पण दसऱ्याच्या सवारीचं काय? त्यांच्या घरातला एक माणूस सवारीत घोड्यावर असतो आणि शमीपूजनाच्या वेळी दरबारासमोर मुजरा करतो. उमाजीच्या आजोबांपासूनची जागा आहे ती. अंगात आजोबांचाच किनखापी डगला. आणि कायदा काय, तर यंदा ज्याने मुजरा केला, पुढे दर वर्षी चोपदार त्याचंच नाव पुकारणार.

आता घरात तरणे दोन. एक उमाजी आणि दुसरा त्याचा चुलतभाऊ शिवाजीराव, मुरार वस्तीत राहणारा. तो मिशांना मेण लावून हजर. "काका, फिकर करू नका, मी आहे ना!"

आबासाहेब आरामखुर्चीतून दोघांकडे बघत बोलले, "डगला ज्याच्या अंगाला शोभेल, तो जाईल. खुंटीला टांगल्यासारखा दिसणारा माझ्या घरातून निघणार नाही."

आणि आपला उमाजी तेव्हा कसा होता? बत्तीस इंच छाती! तीही श्वास भरून!

शिवाजीरावही काडीच, पण तो मोठा, आणि बोलण्यात वस्ताद. उमाजीला वाटलं, गेली जागा. संध्याकाळी माझ्याकडे आला, तोंड एवढंसं. "मधू, जागा मुरारच्या घराकडे गेली तर आबासाहेब मला काही म्हणणार नाहीत रे. फक्त बघणं बंद करतील."

मी त्याला तसाच भालचंद्रकडे घेऊन गेलो. आपला भालचंद्र कॉलेजात सायन्सला, म्हणजे सगळं त्याला येतंच. त्याने विचारलं, "डगल्याचं माप काय?"

माप कोणाला माहीत? डगला पेटीत. पेटी घटस्थापनेला उघडते, शस्त्रांबरोबर डगल्याला ऊन दाखवतात आणि दसऱ्यानंतर परत कुलूप. मध्ये पेटीला हात लावायचा नाही. पण आबासाहेब केवढे धिप्पाड! ते पंधरा वर्षं तोच घालत होते, म्हणजे मोठाच असणार. शिवाय बैठकीत आजोबांची तसबीर आहे, तोच डगला घालून, हातात तलवार. भालचंद्रने काय केलं, तसबिरीतली तलवार दोरीने मोजली, मग भिंतीवरची खरी तलवार मोजली, कागदावर त्रैराशिक मांडलं आणि जाहीर केलं, "चव्वेचाळीस इंच!"

उमाजी खालीच बसला.

"तीन महिने आहेत," भालचंद्र बोलला. "बारा इंच. महिन्याला चार. सायन्समध्ये अशक्य काही नाही."

मग सुरू झाले प्रयोग. भालचंद्रकडे कुठल्याशा विलायती पैलवानाचं पुस्तक होतं. त्यात लिहिलेलं, सकाळी अठरा कच्ची अंडी. आता भालचंद्रच्या घरी अंड्याचं नाव काढलं तर त्याची आई अख्खं घर गोमूत्राने धुवेल, म्हणून हा कार्यक्रम तालमीच्या मागे. उमाजी नाक दाबून गिळायचा, भालचंद्र तोंड फिरवून मोजायचा, आणि बारावं गिळलं की बारावं ते पहिलं, सगळं परत बाहेर! मग अंडी बंद, तूप सुरू. वाटीभर, गरम. मग पायाचं सूप. मग दूध-केळी, तीन शेर दूध. गवळीण मला रस्त्यात विचारते, "भैया, उनके घर कोई बछड़ा पाला है का?"

आणि कसरत! तालमीत पाचशे बैठका, तीनशे जोर. उस्ताद बोलले, "लौंडे, अखाड़े में आया है कि सज़ा काटने?" त्यानंतर पुस्तकात होतं की पाठीवर वजन घेऊन चढ चढावा. वजन कोणाचं? माझं! रोज पहाटे किला गेटपासून वर किल्ल्यापर्यंत मी उमाजीच्या खांद्यावर. लोक हात जोडायचे, त्यांना वाटायचं पोरगा लंगडा आहे, नवस फेडून राहिले आहेत. एका म्हातारीने माझ्या हातात केळं दिलं. तेही उमाजीनेच खाल्लं.

तरी महिन्याभरात एकच इंच वाढला. मग भालचंद्रच्या डोक्यात आलं घोड्याचं.

"कान्होजी," त्याने पागेत जाऊन विचारलं, "घोडा वाळला तर तुम्ही काय देता?"

कान्होजी म्हणजे त्यांचा जुना मोतद्दार, घोड्यांचं सगळं तोच बघतो. तो बोलला, "बत्तीसा मसाला. बत्तीस औषधं कुटलेली. पंधरा दिवसांत घोडं अंगावर येतं."

झालं! भालचंद्रने हिशेब मांडला. घोडा दहा मण, उमाजी सव्वा मण, म्हणून खुराक आठवा हिस्सा. गुळात गोळी वळली आणि दिली. अरे, काय सांगू! पहिल्या दिवशी कानातून धूर निघायचा बाकी होता. दुसऱ्या दिवसापासून भूक! अशी भूक की समोरच्याने पानाचा विडा तोंडात टाकला तरी हा बघत राहायचा. पितृपक्षात आमच्याकडे श्राद्ध होतं. ब्राह्मण जेवून गेले, आणि उरलेल्या अन्नासाठी मी याला बोलावलं. एकवीस वडे, पातेलंभर खीर, वर आमसुलाची चटणी बोटाने. माझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलली, "मधू, हा तुझा मित्र आहे की आपले सगळे पूर्वज एकदम आले?"

पण अंगावर आला, मानलं पाहिजे. पितृपक्ष संपता संपता छाती एकोणचाळीस. दंड हे एवढे. पोटही एकोणचाळीस होतं, पण भालचंद्र बोलला, डगल्यात छाती कुठे संपते आणि पोट कुठे सुरू होतं, ते कोण बघतं. उरलेल्या पाच इंचांत कापूस भरू.

मग घटस्थापना आली. पेटी उघडली. देवघरासमोर सतरंजीवर आबासाहेबांनी स्वतःच्या हाताने डगला पसरला.

आम्ही तिघे तो पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो. एवढासा! भालचंद्रने खिशातून दोरी काढून हळूच लावली. चौतीस इंच.

"चित्रकार बेईमान निघाला," तो माझ्या कानात बोलला. आजोबांनीच सांगितलं असणार त्याला, जरा रुंद काढ म्हणून. आणि त्या बिचाऱ्याने छाती वाढवली, तलवार होती तेवढीच ठेवली.

आणि मागे कोण उभा? शिवाजीराव! तीन महिने सिगरेटी ओढण्याशिवाय काही केलं नव्हतं त्याने, जसाच्या तसा काडी. त्याने डगला बघितला, उमाजीला वरून खालपर्यंत बघितलं आणि इतकं गोड हसला, "उमाजी, तब्येत छान केलीस हं. अशीच ठेव."

शिंप्याचं नाव काढायची सोय नाही. आजोबांच्या डगल्याला कात्री नाही, सुई नाही. उमाजीने हिंमत करून विचारलं, "आबासाहेब, तुम्हाला कसा येत होता?"

आबासाहेब खुर्चीत जरा हलले. "नवरात्रात नऊ दिवस उपास करत होतो. अंग आटोक्यात राहतं. जो मन मारेल, त्याच्याच अंगात येईल."

म्हणजे नऊ दिवसांत पाच इंच कमी! भालचंद्रने पुस्तक उलटं धरलं असतं तरी असला उपाय सापडला नसता, पण तो कुठे ऐकतो. "वाढवलं तसं उतरवू," बोलला. खाणं बंद. दिवसाला चार पेले लिंबूपाणी. भर दुपारी दोन घोंगड्या गुंडाळून पळायचं. आणि घाम काढायला काय, तर सराफ्याजवळच्या हलवायाच्या भट्टीशेजारी बसायचं, दोन तास!

तुम्ही विचार करा. दीड महिना ज्याने घोड्याचा मसाला खाल्ला, त्याला उपाशी पोटी बसवलं कढईच्या शेजारी, जिथे बेडई, डाळ भरलेली पुरी, फुगून वर येते! हलवाई दया येऊन बोलायचा, "खा ले बेटा, देवी माँ कुछ नहीं कहेंगी."

घरी विजयाबाई, उमाजीची आई, त्या तर धन्य! लेक असं कडक नवरात्र करून राहिला! अख्ख्या आळीत सांगून आल्या. पानात काही घेत नाही, पाणी पिऊन राहतो. आरती झाली की त्याच्याच कपाळाला पहिला अंगारा.

सहाव्या दिवशी मी भट्टीवर गेलो, तर उमाजीच्या हातात बेडई. खाल्ली नव्हती. नुसती धरलेली, आणि डोळ्यांतून पाणी.

"मधू," तो बोलला, "आमच्या घोडीवर, हिरीवर, मी डोळे बांधून बसू शकतो. लगाम न धरता तिला वळवतो. कान्होजीला विचार. आबासाहेबांनी कधी बघितलंच नाही मला घोड्यावर. छातीचं माप विचारतात, पोटाचं विचारतात. घोडा कसा चालवतोस, हे कोणीच विचारत नाही."

त्याने बेडई हलवायाला परत केली. मग आम्ही पळायला गेलो. त्या दिवशी घोंगडी मीपण गुंडाळली.

दसऱ्याला दोरी लावली. छत्तीस. वरचे दोन इंच काही जाईनात.

त्यांच्याकडे असं की, डगला बायकोने चढवायचा, खोली बंद करून. आता उमाजीचं लग्न कुठे झालंय? म्हणून बायकोच्या जागी आम्ही दोघे! बाजूला चार बंद, गाठ मारायचे. पहिला बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला मी त्याच्या कमरेत गुडघा रोवला, भालचंद्र ओढतोय, उमाजी लाल, मग जांभळा. बाहेर शिवाजीराव खोकून राहिला, मुद्दाम. "जमतंय ना? नाहीतर मी तयारच आहे."

तेवढ्यात दार उघडलं. विजयाबाई ओवाळणीचं तबक घेऊन आल्या होत्या.

"अगं बाई! हे काय करून राहिलात लेकराचं?"

"काकी, बंद लागत नाहीत," मी बोललो. "नऊ दिवस उपाशी ठेवलं, तरी लागत नाहीत."

"उपाशी ठेवलं? कशाला?"

"डगल्यासाठी! आबासाहेब करायचे तसं."

त्यांनी तबक खाली ठेवलं, दार लावून घेतलं आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की खालीच बसल्या.

"ते आणि उपास! अरे, नवरात्रात त्यांना दोन वेळा पातेलंभर साबुदाण्याची खिचडी लागायची. पंधरा वर्षं मीच चढवलाय हा डगला. खालचे दोन बंद एकदाही लागले नाहीत! तसेच सोडायचे, आणि वरून शेला." मग हसणं थांबवून उठल्या. उमाजीच्या गालावरून हात फिरवला. "आणि मी आळीभर सांगत फिरले, देवीचं व्रत करतोय म्हणून. मला विचारायचं नाही का रे?"

खरंच, आम्ही सगळ्यांना विचारलं. पुस्तकाला, उस्तादांना, मोतद्दाराला. यांनाच विचारलं नाही!

त्यांनी पिवळा शेला आणला, असा काही गुंडाळला की डगला अंगावर ओतल्यासारखा दिसू लागला. दह्याची वाटी तोंडाला लावली, वर दोन पेढे. उमाजी बाहेर आला, आणि शिवाजीरावाची एक मिशी खालीच आली, शप्पथ.

आबासाहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. शेल्यावर नजर जरा थांबली. मग बोलले, "निघा" एवढंच.

त्यांना पालखीतून आधीच कंपू भागात नेऊन ठेवलेलं, मांढरेच्या मातेच्या देवळाखालच्या मैदानात, अगदी पुढे. मी आणि भालचंद्र त्यांच्या मागे. चोपदाराने नाव पुकारलं. उमाजी हिरीवर पुढे आला. पहिला मुजरा, छान. दुसरा, छान. तिसऱ्याला तो खोगिरावरून पार खाली वाकला आणि नेमकी तोफ उडाली. शेजारचे दोन घोडे मागच्या पायांवर! हिरीही उसळली. आणि मला शेल्याखालून ऐकू आलं, तड!

बंद तुटला. आता शेला सुटला की संपलं. पण या माणसाने काय केलं, डावं कोपर बरगडीला दाबलं, लगाम सोडूनच दिला आणि नुसत्या गुडघ्यांनी हिरीला असं गोल फिरवून जागेवर आणलं, जशी कवायतच होती ती! मुजरा पुरा केला, मगच सरळ झाला. बाजूला एक म्हातारे सरदार मोठ्याने बोलले, "कुणाचा मुलगा?"

आबासाहेब काठीवर जोर देऊन उभे राहिले. मोडलेल्या मांडीवर, यार! "माझा," बोलले.

घरी आल्यावर आम्ही सगळे बैठकीत. उमाजी शेला घट्ट धरून उभा, सोडायला घाबरतोय. आबासाहेबांनी विजयाबाईंकडे बघितलं, त्यांनी छताकडे बघितलं.

"कितवा गेला?" आबासाहेबांनी विचारलं.

"दुसरा," उमाजी हळूच बोलला.

"पहिल्या वर्षी माझे दोन्ही गेले होते," ते बोलले. "आणि शेलापण सुटला होता. तुझ्या आईने घोड्यामागे धावत पिन आणून दिली." मग खुर्चीत सरकून बसले. "उद्या सकाळी हिरीला फाटकापाशी आण. ते गुडघ्याने वळवणं मला जवळून बघायचंय."

उमाजी हो बोलला, आणि पुढे त्याने काय विचारावं? "आबासाहेब, सकाळी म्हणजे जेवून ना?"