संदीप्तीवर शाल

"रेडियम नव्हे गं बाई, संदीप्ती!" हे मी माझ्या वर्गातल्या राजनंदिनीला तीन आठवड्यांत शंभरदा तरी सांगितलं असेल. आमच्या वडगाव रासाईत उसाच्या ट्रॉलीमागची पट्टीही रेडियम आन् घड्याळाचे चमकणारे काटेही रेडियम! शेवटी पोरगी घडाघडा म्हणायला लागली, "संदीप्ती म्हंजी न तापता मिळणारा थंड उजेड. आमच्या रंगानं आधी उजेड प्यायचा, मग अंधारात सोडायचा."

वीज गेली तवा तिची आजी साळूबाई जिन्यावरनं पडली, खुबा मोडला. म्हणून नातीनं जिन्याचं मॉडेल केलं आन् पायरीपायरीला हा रंग दिला. शिरूरच्या विज्ञान प्रदर्शनातनं जिल्ह्याला एकच प्रयोग जाणार होता. तो आमचाच, असं मी गावभर सांगून बसले होते.

आन् प्रदर्शनाच्या दिवशी पाहुणे? दहाचे पाहुणे साडेबाराला! वर सत्कार, नारळ, भाषणं. फीत कापल्यावरच मॉडेल दिसावं म्हणून सकाळी आल्याआल्या मी त्यावर मागं माझ्या सत्कारात मिळालेली जाड शाल टाकलेली. राजनंदिनी सारखी माझा पदर ओढत होती.

"बाई, ती शाल..."

"गप गं! मोठी माणसं बोलतायत."

थोड्या वेळानं पुन्हा, "बाई, शालीखाली..."

"एकदा सांगितलेलं कळत न्हाई का?" मी खेकसले.

अखेर परीक्षक आले. मी थाटात शाल ओढली, खिडक्या लावल्या, दिवे बंद केले. मिट्ट काळोख. एक पायरी दिसेल तर शपथ!

मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "रंग नीट लावला नव्हतास का?" मी सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडले.

"लावला होता," तिचा रडवेला आवाज आला. "पण सकाळपासनं त्याला उजेडच मिळाला न्हाई."

"झाकला कुणी?" परीक्षकांनी विचारलं.

पोरगी माझं नाव काही घेईना. मला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"मी झाकला," मी म्हणाले. "तिनं दोनदा सांगायला बघितलं. मीच बोलू दिलं न्हाई."

"मग आता काय करायचं?" त्यांनी तिलाच विचारलं.

"खिडक्या उघडा सर, आन् दहा मिनिटं थांबा."

थांबले बिचारे. खिडक्या पुन्हा लावल्या, तशा खालपासून वरपर्यंत सगळ्या पायऱ्या हिरव्यागार दिसल्या. परीक्षकांनी बोट लावून बघितलं. "खरंच थंड आहे की!"

जिल्ह्याचं पत्र हातात पडलं तवा मी तिला म्हटलं, "राजनंदिनी, काय पाहिजे ते माग."

तिनं पुन्हा माझा पदर ओढला.

"बाई, तिकडं मी काय बोलले तर ऐकाल का?"