शेजारची सीट

चष्मेवाल्याला बायकोचा संशय आला तो गाडीच्या सीटवरून. ड्रायव्हरची सीट पुढे ओढलेली होती, ते ठीक. बायको बुटकी, तिचा पाय क्लचपर्यंत पोचायला हवा. पण शेजारची सीट पार मागे ढकललेली आणि तिची पाठ ऐसपैस कललेली! म्हणजे तिथे कोणीतरी लांब टांगांचा माणूस बसत होता, आणि चांगला आरामात बसत होता.

गाडी शिकताना शेजारी माणूस हवा हे त्याला ठाऊकच होतं. विमा एजंटाला फोन करून त्यानंच विचारलं होतं, की बायको शिकतेय, माझी गाडी तिनं चालवली तर चालेल ना? एजंट म्हणाला, "शिकाऊ परवाना काढा, पुढे-मागे लाल 'एल' लावा आणि शेजारी पक्का परवाना असलेला माणूस बसवा. मग खुशाल ठोकू द्या." तो माणूस म्हणजे आपणच, असं चष्मेवाला धरून चालला होता. दोन दिवस बसलाही. दोन्ही दिवस एवढा ओरडला, की दुसऱ्या दिवशी बायकोनं भर रस्त्यात गाडी बंद केली, किल्ली त्याच्या हातात दिली आणि चालत घर गाठलं.

जेवताना म्हणाली, "नवी नोकरी लागली की मला भल्या सकाळी हॉस्पिटलात पोचायचंय. गाडी चालवता आल्याशिवाय भागायचं नाही. पण तुमच्याकडून शिकणार नाही. शिकवणारा मी बघितलाय."

"कोण?"

"आहे एकजण. ओरडत नाही."

त्या 'ओरडत नाही'नं याच्या पोटात जो निखारा पडला, तो काही विझेना. समोरच्या इमारतीत एक फिजिओथेरपिस्ट राहायचा. सहा फुटी आणि सदा हसतमुख. चष्मेवाला मनातल्या मनात त्याला 'शिडी' म्हणायचा. लोकांचे गुडघे हातात घ्यायचे आणि गोड बोलायचं, हाच शिडीचा धंदा! दुकानात गिऱ्हाईक खालची ओळ वाचायला लागलं, की याच्या डोळ्यांपुढे ती कललेली सीट यायची. एकदा तर त्यानं उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवली. बायकोला विचारावं, तर आपण संशयी ठरणार. न विचारावं, तर बावळट. बरं, रोज संध्याकाळी तिचा चेहरा असा खुललेला, की विचारायचं धाडसही होईना.

शेवटी एका दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि तो पाण्याच्या टाकीमागच्या मैदानाकडे निघाला. शिकाऊ लोक तिथेच गाड्या घेऊन यायचे.

त्याची गाडी होतीच. शेजारच्या खिडकीतून पांढऱ्या शर्टाचं एक कोपर निवांत बाहेर आलेलं, आणि आत बायको हसत होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी हसायची तशी. चष्मेवाल्याच्या डोक्यात तिडीक गेली. तो तरातरा गेला आणि त्यानं ते दार खस्सकन उघडलं.

"अरे, हात मोडशील माझा!" आतून त्याचे वडील म्हणाले.

वडील धाकट्या मुलीकडे, दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. जन्म ड्रायव्हरकीत गेलेला, आता गुडघा वाकत नव्हता, म्हणून सीट मागे. बाप-लेकाचं बोलणं 'बरंय ना?' आणि 'बरंय' यांच्यापलीकडे कधी जात नसे.

"मीच तिला म्हटलं, याला सांगू नकोस. मागे बसून चुका काढेल," वडील म्हणाले. "आलाच आहेस तर काढ. बस."

तो मागे बसला. शिडी बिचारा निर्दोष सुटला होता. हायसं वाटायला हवं होतं आणि वाटलंही, पण जेमतेम पहिल्या वळणापर्यंत. बायकोनं गाडी मागे घेतली आणि ती कर्रकन खांबाला घासली. याचं तोंड उघडलं, पण वडील आधी बोलले.

"होतं गं पोरी. पत्र्याला काही दुखत नाही. विमा कशाला काढलाय यानं? परत घे. छान जमत होतं."

छान जमत होतं! चष्मेवाला बसल्या जागी गार झाला. तो अठरा वर्षांचा होता तेव्हा शेजारी हाच बाप होता. चढावर गाडी बंद पडली, तेव्हा टाळक्यात सणसणीत बसली होती. "तुझ्या हातून काही व्हायचं नाही," असं म्हणून किल्ली काढून घेतली ती घेतलीच. पुढे तो पैसे भरून परक्याकडे गाडी शिकला, दुकान टाकलं, स्वतःची गाडी घेतली. पण बापाच्या तोंडून एक 'छान' ऐकायचं राहून गेलं ते गेलंच. आणि आता त्याच्याच गाडीत, खांबाला घासूनसुद्धा, ते सुनेला फुकटात मिळत होतं. शिडीवर जळला नव्हता इतका तो आता बायकोवर जळला.

"मला नाही कधी म्हणालात," तो बोलून गेला. "मला टाळक्यात मारली होती."

वडिलांनी मान वळवली नाही. "ती गाडी मालकाची होती," ते म्हणाले. "मालक गावाला गेलेले. तुला शिकवायची म्हणून चोरून काढली होती. तू चढावर बंद पाडलीस आणि ती मागे भिंतीकडे जायला लागली. साधा ओरखडा उठला असता, तरी दुसऱ्या दिवशी मी घरी. जीव कंठाशी आला होता रे माझा. इथे कसली भीती? ही तुझी गाडी आहे."

बायकोनं इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, उतरली आणि मागचं दार उघडलं. "या पुढे," ती म्हणाली. "घरी तुम्ही न्या."

मैदानातून रस्त्याला लागायला एक चढ होता, नवशिक्यांना रडवणारा. चष्मेवाला वीस वर्षं गाडी चालवत होता. तो चढ त्यानं झोपेतही पार केला असता. निम्म्यावर आल्यावर त्यानं गाडी हळू केली आणि क्लचवरचा पाय मुद्दाम एकदम सोडला. गाडीला आचका बसला आणि ती बंद पडली. त्यानं ब्रेक दाबून धरला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत थांबला.

वडिलांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं.

"होतं रे," ते म्हणाले. "घाई नको. छान चालवतोस तू."

"मला एवढ्या गोड आवाजात नाही कधी म्हणालात, बाबा," मागून बायको म्हणाली.